उजव्या डोळ्याचा किरमिजी

परवा दुकान बंद करून घरी आलो तर खळ्याच्या कडेला रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, पहिली टोपली उतरलेली होती. आमचं घर रत्नागिरीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला आम्ही खळं म्हणतो. टोपली दिसायच्या आधी वास आला. आंबट, थोडा गोड, थोडा ओल्या लाकडाचा. स्कूटर स्टँडला लावता लावताच तोंडाला पाणी सुटलं. केस पिकले तरी जिभेला वय कळत नाही.

टोपलीतल्या एकाही फळाचा रंग दुसऱ्यासारखा नव्हता. काही नुसते तांबूस, काही टोमॅटोसारखे लाल, काही इतके गडद की सावलीत काळे वाटावेत. सुमतीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यातला एक उचलून दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फोडला. रस तिच्या मनगटापर्यंत ओघळला.

"सुरू झालं," ती म्हणाली.

आतून आईचा आवाज आला, "मीठ आणलंस का रे, बाळ्या?"

रातांबे घरात आले की आईचा पहिला प्रश्न हाच. मीठ आणलं होतं. मी ते वजनावर आणतो, आई ते मुठीने घालते, आणि दरवर्षी शेवटी पिशवीत थोडं उरतंच. त्यावर आमचा दरवर्षी वाद होतो. खरं सांगायचं तर मला तो वाद आवडतो. तो झाला नाही तर उन्हाळा पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

पण परवा त्या टोपलीकडे बघताना माझं मन दोन वर्षांपूर्वीच्या रातांब्यांकडे गेलं. तेव्हाचा तो महिना मी विसरणं शक्य नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या घरातला एक शब्द हरवायच्या बेतात होता.

माझं रत्नागिरीत रंगांचं दुकान आहे. भिंतीचे, दाराचे, लोखंडी गेटचे, होड्यांचेसुद्धा. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "आमच्या मावशीच्या दारासारखा निळा द्या." मी मावशी पाहिलेली नसते आणि दारही. मग मी कार्ड पुढे करतो. कार्डावर हजारभर रंगांचे चौकोन आणि प्रत्येकाखाली आकडा. गिऱ्हाइकाने चौकोनावर बोट ठेवलं की मी आकडा मशीनला सांगतो, मशीन पांढऱ्यात थेंब सोडतं, डबा गदागदा हलतो, आणि आज दिलेला रंग पुढच्या वर्षी तसाच्या तसा मिळतो. शब्दांवर मी भरवसा ठेवत नाही. मोतिया म्हणजे चार माणसांचे चार मोतिया. आकडा मात्र चौघांना एकच.

माझ्या घरात एका रंगाला आकडा नव्हता. तो किरमिजी.

हा शब्द आई फक्त उन्हाळ्यात वापरायची आणि फक्त सोलांसाठी. रातांब्याची वाळवलेली साल म्हणजे सोलं. देशावरचे लोक त्यांना आमसुलं म्हणतात. आईच्या हिशेबात कुंकू तांबडं, जास्वंद लाल, चिऱ्याची भिंत तांबडी, डाळिंबाचा दाणा लालबुंद, उन्हातून आलेल्या पोराचं तोंडही लालबुंद. शेजारणीच्या नव्या साडीला कुणी किरमिजी म्हटलं तर आई म्हणायची, "लाल आहे गो ती. गडद लाल." आवाजात असं काही असायचं की बोलणारी पुन्हा तो शब्द उच्चारायची नाही. मी एकदा कोशात बघून तिला सांगितलं होतं की किरमिज नावाचा एक किडा असतो, तो वाळवून कुटून पूर्वी हा गडद लाल रंग काढत, आणि शब्द अरबी-फारसीतून फिरत फिरत आपल्याकडे आला. जहाजातून बंदरावर उतरला असेल, असंही मी माझ्या पदरचं जोडलं.

"किडा?" आई म्हणाली. "माझ्या सोलांत किडा नाही हो. तुझ्या कोशात असेल."

कोशातला अर्थ गडद लाल. आमच्या घरातला अर्थ वेगळा होता: पुरे, आता थांबा. तो कसा, ते सांगायला हवं.

रातांबा फोडून बिया आणि गर एका पातेल्यात काढतात, त्यात मीठ घालतात. रात्रीतून त्याला रस सुटतो. साली चटईवर उन्हात वाळतात. दुसऱ्या दिवशी त्या वाळत आलेल्या साली या खारट रसात बुडवून पुन्हा उन्हात टाकायच्या. याला पुट देणं म्हणतात. संध्याकाळी चटई आत, सकाळी बाहेर, मग पुन्हा पुट. प्रत्येक पुटाबरोबर साल गडद होत जाते. कमी पुटं दिली तर सोलं फिकी आणि पचपचीत राहतात, पावसाळ्यात बुरशी धरतात. फार दिली तर नुसता मिठाचा खडा. कुणी सात पुटं म्हणतं, कुणी पाच. आई आकडा कधीच सांगत नसे. ती एक साल उचलायची, खळ्यात उभी राहून सूर्यासमोर धरायची आणि एक डोळा बारीक करायची. कड काळी आणि मधून उजेड झिरपतो तिथे एक खोल, ओला लाल. तो दिसला की ती ओरडायची, "किरमिजी आला!"

पाहुणा आल्यासारखं. आम्ही मुलं तर खरंच पाहुणा आल्यासारखी धावायचो, कारण त्या दिवशी चटया उचलल्या जायच्या आणि पातेल्यात उरलेल्या रसाचं साखर घालून सरबत व्हायचं. बोटं, ओठ, बनियनची पुढची बाजू, सगळं रंगलेलं. शाळा सुरू झाली तरी नखांच्या कडा तशाच. मास्तर नखं तपासायचे आणि ज्यांची नखं तशी असतील त्यांना काही बोलायचे नाहीत. त्यांच्याही नखांच्या कडा तशाच असायच्या.

दोन वर्षांपूर्वी आंबे उतरत असतानाच आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. डॉक्टर म्हणाले, आता एक करू, दुसरा पावसाळ्यानंतर. त्यांनी समजावलं ते मला पटलं, कारण ते माझ्या धंद्यातलं होतं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यापुढे चहाच्या रंगाची काच. ती एकदम येत नाही, वर्षावर्षाने गडद होते, म्हणून माणसाला कळत नाही.

पट्टी निघाल्यावर आईने काळा चष्मा लावला आणि म्हणाली, "एवढी रत्नागिरीपर्यंत आलेय तर मांडवीला ने." नेलं. काळ्या वाळूपाशी तिने चष्मा कपाळावर सारला आणि डावा डोळा हाताने झाकला.

"अरे, समुद्र निळा आहे!"

"तो निळाच असतो, आई."

"मला तो कधीपासूनचा शेवाळी दिसतोय. मी म्हटलं, कारखान्यांनी घाण केली असेल." मग तिने हात बदलला, उजवा डोळा झाकला. "हा बघ शेवाळी." पुन्हा डावा. "हा निळा." भेळवाला आमच्याकडे बघत होता. आई शाळकरी पोरीसारखी एकदा हा डोळा, एकदा तो डोळा करत राहिली आणि हसत राहिली.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात ती थबकली. "ही भिंत पुन्हा रंगवलीस?"

"नाही."

"मग पांढरी कशी?"

आता इथे माझं थोडं ऐकून घ्या. ती भिंत मी आईला हवी तशी पांढरी रंगवली होती, माझ्या दुकानातल्या सगळ्यात पांढऱ्या पांढऱ्याने. आणि तेव्हापासून आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आली होती, "रंगाचं दुकान आहे त्याचं, पण आईच्या घराला खपत नसलेला पिवळट डबा लावला." मी डब्याचं झाकण दाखवलं होतं, आकडा दाखवला होता. उपयोग शून्य. त्या दिवशी आईने भिंतीवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणि तुझे केस रे कधी पिकले?" माफी मागायची तिची हीच रीत आहे. मी ती आनंदाने घेतली.

रातांबे त्याच आठवड्यात उतरले. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धुराशी जायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं. त्यामुळे आई ओटीवर खुर्चीत काळा चष्मा लावून बसली, आणि सुमतीने रातांबे फोडले, मीठ घातलं, चटया टाकल्या. आईकडे राहिलं एकच काम. एरवीही तेच तिचं खरं काम होतं. सुमती सुपात चार साली घेऊन ओटीवर यायची, आई एक उचलून उन्हात धरायची. पुटामागून पुट चढत गेलं. मग एका दुपारी आईने साल धरली, चष्मा वर केला ("आई, चष्मा!" "हो गो, घालते"), आणि नेहमीसारखा उजवा डोळा बारीक करून डाव्याने पाहिलं.

"आला," ती म्हणाली.

मग मांडवीची आठवण होऊन तिने डोळा बदलला.

"नाही आला."

पुन्हा डाव्याने. "आला." उजव्याने. "छे, हा तर नुसता लाल."

सुमती हसली, मी हसलो, आईसुद्धा हसली. पण साल तिने खाली ठेवली नाही. "ह्यातला खरा कुठला?" ती म्हणाली. प्रश्न मला होता, कारण रंगवाला मी. मी सांगितलं की नवा डोळा खरा असणार, जुन्या डोळ्यापुढे अजून चहाची काच आहे, तिच्यातून लाल आहे त्याहून गडद दिसतो.

मी हे बोललो आणि सुमतीने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी फोडलं आहे हे मला कळलं. काय फोडलं ते कळलं नाही. आईला कळलं.

"म्हणजे मी इतकी वर्षं लवकर थांबवत होते," ती सावकाश म्हणाली. "कच्चीच उचलायला लावत होते. सुमती, गेल्या वर्षीची बरणी आण."

"राहू दे ना आई, उन्हं उतरली आता."

"आण म्हटलं ना."

बरणी आली. आईने तळातलं एक सोल काढलं आणि उतरत्या उन्हात धरलं. डावा डोळा झाकला, उजव्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जुनी सोलं काळवंडतात, पण काळवंडणं वेगळं आणि रंग चढणं वेगळं. हा फरक आईला कुणी समजावायची गरज नव्हती. कड काळी होती आणि मधून तो खोल, ओला लाल झिरपत होता. मलाही दिसला.

"हा किरमिजी आहे," आई म्हणाली. "पण मी तर हा केलेला नाही. कुणी केला?"

सुमती सुपातल्या साली उगाच सारख्या करत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्ही आला म्हणालात की मी चटया मागच्या अंगणात न्यायचे. तुम्हाला वाटायचं, निवायला. तिथे अजून दोन पुटं द्यायचे."

"कधीपासून?"

"मुक्ता दहावीला होती त्या उन्हाळ्यापासून."

मुक्ता आमची मुलगी. ती आता पुण्यात नोकरी करते. इतकी वर्षं माझ्या घराच्या मागच्या अंगणात दरसाल जास्तीच्या चटया वाळत होत्या आणि आकड्यांचा अभिमान बाळगणाऱ्या मला पत्ता नव्हता. मी दुकानात असायचो.

आई उठली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती ओटीवर आली नाही. पडून राहिली, भिंतीकडे तोंड करून. तीच पांढरी भिंत. सुमतीने सूप आत नेलं तर म्हणाली, "तुला कळतंय ना सगळं. उचल नाहीतर ठेव." सुमती सूप घेऊन परत आली. डोळे पुसले नाहीत, पण पदर हातात होता. ती पुट देईना आणि चटया उचलेना. आकाशात समुद्राच्या बाजूने राखी ढग जमत होते. सालींचं काय व्हायचं ते आज-उद्यात ठरणार होतं. पण मला भीती सालींची नव्हती. गावात आईला लोक कशाने ओळखतात? तिच्या सोलांनी. मुंबईहून येणारी माणसं डबे घेऊन येतात आणि म्हणतात, वहिनी, तुमच्या हातची. त्या सगळ्या वर्षांवर आता तिने आपणच काट मारली होती. ती पुन्हा कधी ओटीवर येऊन तो शब्द ओरडली नसती, तर सुमतीही कधी ओरडली नसती हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी माझ्या परीने एक मूर्ख उपाय केला. बरणीतलं एक सोल कागदात गुंडाळून दुकानात नेलं, कार्डावर फिरवलं, सगळ्यात जवळचा चौकोन शोधला आणि संध्याकाळी आकडा घेऊन घरी आलो. "आता भांडण नको," मी म्हणालो. "हा आकडा. याच्याशी जुळलं की उचलायचं."

सुमतीने कार्ड पाहिलं आणि बाजूला ठेवलं. आतून आईचा आवाज आला. सूप परत पाठवल्यानंतरचा पहिला. "तो चौकोन उन्हात धरून बघ म्हणावं. पलीकडचं काय दिसतंय का त्यातून?"

सुमतीला हसू आलं. ते आत ऐकू गेलं असावं, कारण खाट करकरली आणि आई बाहेर आली. काळा चष्मा, पदर खोचलेला. तिने सुपातून एक साल उचलली, पण उन्हात धरली नाही. सुमतीच्या हातात दिली.

"एक विचारते. खरं सांग. कुठे थांबायचं हे तुला कसं कळत होतं? तुला कुणी शिकवलं?"

सुमती गोंधळली. "कुणी म्हणजे? तुम्हीच."

"मी तर चुकीचं सांगत होते."

"तेव्हा नाही, आई. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या उन्हाळ्यात. तुम्ही मला ह्याच खळ्यात उभं केलंत, माझा हात धरून साल वर केलीत, आणि म्हणालात, नीट बघून ठेव, पुन्हा सांगणार नाही. तेव्हा तुमचे डोळे चांगले होते. मी तेवढंच बघून ठेवलंय."

आईने ती साल परत घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली.

"म्हणजे तो माझाच," ती शेवटी म्हणाली.

"तुमचाच. मी काय माहेराहून आणलाय? माझ्या माहेरी सोलं विकत घेतात."

आई हसायला लागली. तिला डॉक्टरांनी जोरात हसायचं नाही असं काही सांगितलेलं नव्हतं, तरी सुमती "डोळा, आई, डोळा!" म्हणून ओरडत होती आणि स्वतःच हसत होती. मग आईने हुकूम सोडले. पातेलं आण. रस ढवळ. बाळ्या, तुझं कार्ड घे, त्यावर साली ठेवू नकोस, डाग पडतील, गिऱ्हाईक काय म्हणेल. त्या संध्याकाळी एक पुट बसलं. ढग रात्रीतून वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकले, सकाळी ऊन कडक पडलं, आणखी एक पुट बसलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी खळ्यात उभ्या होत्या, माझी आई आणि माझी बायको, एकाच सालीखाली माना वर करून. आईने डावा डोळा तळव्याने झाकला होता.

"काय दिसतं?" आईने विचारलं.

"आला," सुमती हळूच म्हणाली.

"माझ्या उजव्यालाही आला. मग पुटपुटतेस काय? मोठ्याने म्हण. मी कधी अशी म्हणायचे का?"

सुमती लाजली. चाळिशी ओलांडलेली बाई, घर सांभाळणारी, भाजीवाल्याला न लाजणारी, ती लाजली. मग तिने श्वास घेतला आणि ओरडली. शेजारची म्हैससुद्धा मान वळवून बघायला लागली.

पावसाळ्यानंतर आईचा डावा डोळाही झाला. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत एकमत आहे. घरात मात्र नाही. आई म्हणते सुमती एक पुट जास्त देते, सुमती म्हणते आईंना घाई असते. मी मध्ये पडत नाही. तो चौकोन माझ्या कार्डावर अजून आहे, त्याखालचा आकडाही मला पाठ आहे. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "दाराला किरमिजी पाहिजे." मी कार्ड पुढे करायच्या आधी त्याला विचारलं, "कुणाच्या घरचा?" तो माझ्याकडे बघत राहिला.

काल रात्री गर मिठात पडला. आज सकाळी चटया बाहेर आल्या. मी निघताना साली नुसत्या लाल होत्या, जेमतेम लाल, आणि ओटीवरून आई सुमतीला सांगत होती, "नीट बघून ठेव हो."

"बघितलंय, आई," सुमती म्हणाली आणि पातेलं उचलून उन्हात गेली.